सुलीची जट, तायप्पाचं लुगडं: राजन गवस यांच्या कादंबऱ्या येतात कुठून?

‘जीव रंगला’ हे गाणं ठाऊक नाही असा माणूस कोल्हापुरात शोधून सापडायचा नाही. वरातीत वाजतं, रिक्षात वाजतं, गणपतीच्या मांडवात तर रात्री उशिरा हमखास वाजतं. ते ज्या ‘जोगवा’ चित्रपटातलं आहे तो २००९ साली आला आणि आपल्या भागातल्या बहुतेकांनी पाहिलाही. पण ज्या दोन कादंबऱ्यांवर तो उभा आहे, त्या वाचलेला माणूस गाठायचा तर जरा पायपीट करावी लागते. ‘चौंडकं’ १९८५ साली आली, ‘भंडारभोग’ १९८८ साली. लिहिणारे राजन गवस तेव्हा पंचविशी ओलांडलेले, गडहिंग्लज तालुक्यातले तरुण होते.

एवढ्या तरुण वयात हा विषय त्यांना सुचला कसा, असा प्रश्न साहजिकच पडतो. लेखकाची प्रेरणा म्हटलं की आपल्याकडे दोन उत्तरं तयारच असतात. एक, जन्मजात देणगी. दोन, आयुष्यात भोगलेलं दुःख. गवसांचं लेखन समजून घ्यायला या दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही. त्यापेक्षा नकाशा, पंचांग आणि कायद्याचं पुस्तक घेऊन बसलं तर बरंच काही उलगडतं.

नकाशापासून सुरू करू. कोल्हापूरहून दक्षिणेला साठ-सत्तर किलोमीटरवर गडहिंग्लज. हिरण्यकेशी नदी आजऱ्याकडून येते, गडहिंग्लजजवळून पुढे कर्नाटकात शिरते. संकेश्वर हाकेच्या अंतरावर. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि मधे राज्याची सीमा आली. पण सोयरिकी, बाजार, बोली आणि देव यांची वाटणी काही झाली नाही. घरात मराठी आणि बाजारात कानडी, किंवा नेमकं उलट, असं इथं सर्रास चालतं. या पट्ट्यातल्या असंख्य घरांची देवी सीमेपलीकडे, बेळगावच्याही पुढे सौंदत्तीच्या डोंगरावर आहे. ती रेणुका, लोकांच्या तोंडी यल्लम्मा.

याच टापूचा एक वाङ्मयीन नकाशाही आहे आणि तो मला फार गमतीचा वाटतो. ‘मृत्युंजय’ लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे. ‘स्वामी’ लिहिणारे रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. ‘ययाति’ लिहिणाऱ्या वि. स. खांडेकरांचं उत्तरायुष्य कोल्हापूर शहरात गेलं. १९५९, १९६२ आणि १९६७ अशा आठ-नऊ वर्षांत आलेल्या या तीन कादंबऱ्या मराठी घरांत अजून वाचल्या जातात. तिन्हींचे नायक राजवाड्यातले, पुराणातले किंवा इतिहासातले. एक ययाती, एक माधवराव, एक कर्ण. आजरा, कोवाड आणि गडहिंग्लज ही गावं एकमेकांच्या शेजारची. त्याच मातीतला पुढच्या पिढीतला मुलगा लिहायला बसतो तेव्हा राजाऐवजी दारात जोगवा मागायला आलेल्या बाईला नायिका करतो. वीस वर्षांत एवढं काय बदललं?

बदललं ते एका कादंबरीकाराच्या डोक्यात नव्हे. खेड्यातली पहिली पिढी महाविद्यालयात पोचली होती आणि वाचता वाचता आपलं गाव त्या पुस्तकांत कुठं दिसतंय का ते शोधत होती. कागलच्या आनंद यादवांनी ‘गोतावळा’ लिहून कोल्हापुरी बोलीत अख्खी कादंबरी पेलता येते हे दाखवून दिलं होतं. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’नं १९६३ सालीच सांगितलं होतं की खेड्यातून शहरात शिकायला गेलेल्या पोराचं कंटाळवाणं, विस्कटलेलं जगणंसुद्धा कादंबरीचा विषय होतो. गवसांच्या पिढीला ही वाट तयार मिळाली. त्या वाटेनं कुठं जायचं ते मात्र ज्याचं त्यानं ठरवलं.

आता पंचांग. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीची जत्रा भरते. कोल्हापुरातून एसटीच्या गाड्याच्या गाड्या ठरवून लोक जातात. जोगती मंडळी, म्हणजे देवीला वाहिलेली माणसं, डोक्यावर जग घेऊन निघतात. जग म्हणजे देवीचा मुखवटा बसवलेली, मोरपिसांनी सजवलेली टोपली. सौंदत्तीहून परत आल्यावर शहरातल्या ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रा होते. आंबील, दहीभात, वरणं-वांगं, मेथीची भाजी, भाकरी, गाजर, कांद्याची पात असा नैवेद्य घेऊन बायका येतात, आणि दर्शन झालं की झाडाखाली बसून सगळे जेवतात. कोल्हापूरकराला ही यात्रा म्हणजे थंडीतला एक आनंदाचा दिवस. मलाही ती आवडते, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण त्या पौर्णिमेला आपल्याकडे एक दुसरंही नाव आहे, रांडाव पुनव. कथा अशी की जमदग्नी मारले गेले आणि रेणुका विधवा झाली. म्हणून त्या दिवशी देवीला सोडलेल्या बायकांनी आपल्या बांगड्या फोडायच्या, देवीबरोबर रंडकीपण घ्यायचं. पुढे दुसऱ्या पौर्णिमेला पुन्हा चुडा भरायचा. ज्या बाईचं कुणा माणसाशी कधी लग्नच झालेलं नाही, ती दरवर्षी एकदा विधवा होते आणि एकदा सवाष्ण. आंबिलीचं पातेलं घेऊन निघालेली यात्रेकरू बाई आणि ही बाई एकाच जत्रेत असतात, एकाच देवीपुढे उदो म्हणतात. गवसांच्या पहिल्या दोन कादंबऱ्या या दुसऱ्या बाईच्या, आणि तिच्याबरोबर चालणाऱ्या पुरुषाच्या आहेत.

इथं प्रथा नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर ‘चौंडकं’ वाचताना शहरातला वाचक दहाव्या पानावरच अडकतो.

मुलीच्या केसांत जट दिसली की देवी आली, असं गाव मानायचं. जट म्हणजे काय, तर केस बरेच दिवस विंचरले-धुतले नाहीत की तेल, मळ आणि घाम यांनी ते एकमेकांत गुंततात आणि घट्ट दोरखंड होतो. कात्रीनं कापला तर रक्त येत नाही, दुखतही नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशा कितीतरी जटा कापून दाखवल्या आहेत. पण जट दिसल्यावर ती सोडवायची नाही, फणी लावायची नाही, उलट तीत भंडारा भरायचा, असा नेम असला की ती वाढतच जाणार. म्हणजे देवीच्या खुणेची काळजी घेण्यानंच ती खूण पक्की होते. घरात आजारपण असलं, म्हैस आटली, पोर दगावलं की दोष त्या जटेकडे, ‘देवीचं देणं थकलंय’ म्हणून. मग मुलीला सौंदत्तीला नेऊन, कडुलिंब नेसवून, गळ्यात दर्शन म्हणजे लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधायची. झाली ती देवीची. तिनं पुढे लग्न करायचं नाही. हातात परडी घेऊन जोगवा मागायचा.

यामागं नुसती अंधश्रद्धाच होती असं म्हणणं सोपं आहे, पण अपुरं आहे. देवीला सोडलेली मुलगी सासरी जात नाही, माहेरीच राहते. ज्या घरात मुलगा नाही तिथं म्हातारपणी आईबापाला बघणारं माणूस असं तयार व्हायचं. आणि सोडलेल्या मुलींत दलित, भूमिहीन घरांतल्या मुली फार मोठ्या संख्येनं असायच्या, हा काही देवीचा कौल नव्हता. ज्याच्या शेतावर राबायचं त्याच्याच घरच्या पुरुषाची नजर त्या मुलीवर. ती कुणाची बायको नाही, म्हणजे तिच्या बाजूनं भांडणारा नवरा नाही, सासर नाही. त्यातल्या कितीतरी पुढे मुंबई-पुण्याच्या वेश्यावस्तीत पोचल्या. श्रद्धा, गरिबी, जात आणि पुरुषांची सोय अशा चार पदरांचा हा पीळ आहे. एकच पदर ओढून तो सुटत नाही, हे ‘चौंडकं’ वाचताना कळतं.

कादंबरीतली मुलगी सुली. तिच्या केसांत जट निघते आणि तिथून तिचं आयुष्य तिच्या हातात राहत नाही. चौंडकं हे जोगतिणीचं वाद्य: एक पोकळ नळकांडं, त्याच्या एका तोंडाला कातडं, कातड्यातून निघालेली तात, काखेत धरून छेडायचं. सोबतीला सूर धरणारी सुती. गावोगाव हा आवाज लोकांनी ऐकलेलाच असतो. तो वाजवणाऱ्या बाईला घरचं कुणी होतं का, तिला कधी शाळेत घातलं होतं का, असले प्रश्न परडीत पीठ टाकताना कुणाला पडत नाहीत. कादंबरी तेवढंच करते, पीठ टाकून दार लावण्याऐवजी त्या बाईच्या मागोमाग चालत जाते.

आता तिसरी गोष्ट, कायद्याचं पुस्तक. देवाला मुली सोडण्याविरुद्ध कायदे काल-परवाचे नाहीत. करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९२० सालीच जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला. त्यानं मुली देवाला वाहणं बेकायदा ठरवलं आणि देवदासीचं लग्न कायदेशीर मानलं. कर्नाटकानं १९८२ साली स्वतंत्र कायदा केला, महाराष्ट्रानं २००५ साली. दरम्यान सत्तरच्या दशकात खुद्द गडहिंग्लजमध्ये देवदासी निर्मूलनाची चळवळ उभी राहिली. परिषदा झाल्या, मोर्चे निघाले. ज्यांना आधीच सोडलं आहे त्यांना मानधन, घर आणि मुलांना शिक्षण मिळावं, या मागण्या पुढे आल्या.

हे सगळं गवसांच्या दारात, ते शाळा-कॉलेजात असताना घडत होतं. म्हणजे विषय शोधायला त्यांना कुठं जावं लागलं नाही. पण चळवळीच्या शेजारी राहून लिहिणाऱ्याला एक मोह पडतो, की कादंबरीलाच मोर्चाचं निवेदन करून टाकावं. माझ्या मते ‘चौंडकं’ या मोहातून बऱ्यापैकी सुटते आणि ‘भंडारभोग’ पूर्णच सुटते.

कायदा आणि कादंबरी यांच्या कामातला फरक इथं दिसतो. मुलीला देवाला सोडू नका, हे कायदा सांगू शकतो; सोडणाऱ्याला शिक्षाही करू शकतो. पण जिला दहाव्या-बाराव्या वर्षी सोडलंय, जी आता पस्तिशीची आहे, जिला आपण देवीचे आहोत या भावनेखेरीज जगात दुसरी ओळखच नाही, तिला ‘तुझी प्रथा आता बेकायदा आहे’ असं सांगितल्यावर तिनं काय करायचं? माळ तोडून टाकली तर ती कोण उरते? जोगवा बंद झाला तर संध्याकाळी चुलीवर काय चढवायचं? १९२० पासून कायदे होत राहिले आणि १९८५ साली या कादंबरीला विषय शिल्लक होता, यातच या प्रश्नाचं वजन कळतं. गवस या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. ते सुलीसारख्यांची भीती, त्यांची देवीवरची खरीखुरी माया, आपसातली भांडणं, हेवेदावे, चेष्टामस्करी हे सगळं आपल्यापुढे ठेवतात. जोगतिणी एकमेकींना शिव्या देतात आणि एकमेकींसाठी जीवही टाकतात. निव्वळ पीडित म्हणून कुणी समोर येत नाही.

‘भंडारभोग’ मला जास्त मोठी वाटते, त्याचं कारण सांगतो. जोगतिणीबद्दल समाजानं थोडं तरी बोललं होतं. जोगत्याबद्दल कोण बोलणार? तो चेष्टेचा विषय. तायप्पा हा तरणाबांड मुलगा. त्याच्या अंगात देवी आली असं ठरतं आणि त्याला लुगडं नेसवलं जातं. पुरुषाच्या देहात बाईचं सोंग जन्मभर वागवायचं. गावात टवाळी, घरात घुसमट, लग्नाचा प्रश्नच मिटलेला. रोज सकाळी उठून निऱ्या करताना त्याला काय वाटत असेल, इथपर्यंत जायला फारसं कुणी धजलं नव्हतं.

यल्लम्माच्या परंपरेत जोगत्याचं कारण सांगणारी एक कथा आहे. जमदग्नींनी रागाच्या भरात मुलांना आज्ञा केली की आईचं मस्तक उडवा. ज्या मुलांनी नकार दिला त्यांना शाप मिळाला आणि त्यांचं पुरुषत्व गेलं. परशुरामानं आज्ञा पाळली, तो अवतार ठरला. ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असते, पण आईवर शस्त्र उगारायला नाही म्हणणाऱ्या पोरांना शिक्षा झाली, हे तिच्यातलं कथानक एकदा नीट लक्षात आलं की नंतर ती गोष्ट पहिल्यासारखी ऐकताच येत नाही. जोगत्या म्हणजे या शापित पोरांचा वारस.

आज ‘भंडारभोग’ वाचताना एक गोष्ट खटकूही शकते, आणि ती बोलून दाखवायला हवी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली. जन्मानं पुरुष असून मनानं बाई असलेली माणसं असतात आणि तो काही दोष नाही, हे आता आपण निदान ऐकलेलं तरी असतं. अशा किती जणांनी पूर्वी जोगत्यांच्या मेळ्यात आसरा शोधला असेल! ज्याला मनापासून लुगडं नेसायचं होतं आणि ज्याला बळजबरीनं नेसवलं, त्या दोघांनाही गावानं एकाच दावणीला बांधलं. तायप्पा दुसऱ्या प्रकारातला. कादंबरीचा सगळा जोर त्या बळजबरीवर आहे. पहिल्या प्रकारच्या माणसाची कादंबरी वेगळी होईल आणि ती बहुधा त्यानं किंवा तिनं स्वतःच लिहावी लागेल. म्हणून ‘भंडारभोग’ जुनी ठरत नाही. फक्त तायप्पाची गोष्ट ही सगळ्या जोगत्यांची गोष्ट आहे, असं समजून तिच्याकडे जाऊ नये.

आता थोडं लेखकाच्या घडणीकडे वळू. गवसांचा जन्म १९५९चा. पेशानं शिक्षक. भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीच्या महाविद्यालयात त्यांनी बरीच वर्षं मराठी शिकवलं, पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या मराठी विभागात आले. गारगोटी हे तसं आडवळणाचं गाव, पण तिथं शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठ उभं केलं. खेड्याला खेड्यातच शिक्षण द्यायचं, या विचारानं ते चाललं. डोंगरातल्या वाड्यांवरून पायी येणारी, घरातली पहिलीच शिकणारी मुलं वर्षानुवर्षं समोर बसलेली असली की लेखकाला विषयाचा दुष्काळ पडत नाही. कुणाच्या गावात निवडणूक कशी झाली, कुणाची जमीन कुणी बळकावली, डिग्री घेऊन कोण गुरं राखतोय, हे त्याला वर्तमानपत्रातून कळायची गरजच नसते.

वाचनातून आलेली एक प्रेरणा मात्र अनपेक्षित आहे. गवसांनी अभ्यासासाठी निवडलेला लेखक म्हणजे भाऊ पाध्ये. पक्का मुंबईचा, चाळी, नाक्यावरची पोरं, गिरणी, सिनेमा हे त्याचं जग. ‘वासूनाका’मुळे अश्लीलतेचं वादळ अंगावर घेतलेला. गडहिंग्लजच्या माणसाला त्यात काय सापडावं? माझा अंदाज असा, की पाध्ये आपल्या माणसांचा न्यायनिवाडा करत नाहीत. नाक्यावरचं पोर जसं बोलतं तसं बोलू देतात, सुधारून घेत नाहीत आणि त्याची कीवही करत नाहीत. जोगत्यावर लिहिताना नेमकी हीच शिस्त लागते. कीव आली की तायप्पा मेला म्हणून समजा.

आणि बोलीचं काय? कोल्हापुरी बोली म्हटलं की लोकांना ‘तांबडा-पांढरा’, ‘नाद खुळा’ एवढंच आठवतं. टीव्हीनं तिचा विनोद करून टाकलाय. गडहिंग्लज-आजरा-चंदगड या पट्ट्याची बोली तर कोल्हापूर शहरापेक्षाही निराळी. एका अंगाला कानडीचा हेल, दुसऱ्या अंगाला चंदगडाकडून कोकणीचा वारा. गवस संवाद या बोलीत लिहितात आणि पुष्कळदा निवेदनही तिच्याच चालीवर नेतात. हा हट्ट का, असं पुण्या-मुंबईकडचे वाचक विचारतात. जोगतीण जर प्रमाण मराठीत आपलं दुःख सांगायला लागली, तर ते दुःख तिचं राहत नाही, ते तिच्याविषयी भाषण करणाऱ्याचं होतं. शिवाय जोगत्यांच्या गाण्यांत मराठी आणि कानडी एकमेकांत मिसळलेली असते. जो पट्टा मुळात दोन भाषांत नांदतो, त्याची कादंबरी एका साफसुथऱ्या भाषेत कशी मावणार?

पुढच्या लेखनाबद्दल थोडक्यात. ‘धिंगाणा’, ‘कळप’, मग १९९८ साली ‘तणकट’, पुढे ‘ब बळीचा’. मधे कथा, कविता, ललित लेखनही. ‘तणकट’ला २००१ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इथं देवी मागे पडली आणि गाव पुढे आलं. दलित आणि सवर्ण यांच्यातला ताण, शिकलेल्या पोरांची कोंडी, निवडणुकीच्या राजकारणात वापरून फेकली जाणारी माणसं. पहिल्या दोन कादंबऱ्या एका प्रथेत शिरून माणूस शोधतात, ‘तणकट’ अख्ख्या गावाला कवेत घेते. त्यामुळे तिच्यात पात्रांची गर्दी आहे आणि सुरुवातीला नावं लक्षात ठेवताना दमछाक होते. पण गावातली भांडणं बाहेरच्याला कधी एका दमात कळली आहेत? चार लोकांचं ऐकून, कोण कुणाचा कोण हे लावूनच ती कळतात. ‘तणकट’ही तशीच वाचावी लागते.

याच जिल्ह्यातल्या आणखी दोघांचा उल्लेख केला की प्रेरणेचा मुद्दा जास्त स्पष्ट होईल. शाहूवाडी तालुक्यातल्या नेर्ले गावचे विश्वास पाटील. ‘पानिपत’कार म्हणून घरोघरी माहीत. पण १९९२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो ‘झाडाझडती’साठी, धरणानं उठवलेल्या गावांच्या कादंबरीसाठी. ते स्वतः महसूल खात्यात अधिकारी होते. दुसरे कृष्णात खोत, पन्हाळा तालुक्यातले, पेशानं शिक्षक. त्यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विषय तोच, विस्थापन. पण खोतांच्या कादंबरीत माणसं धरणामुळे उठून गेली आहेत आणि मागे राहिलेली म्हैस रानात रानटी झाली आहे. तिला आणायला देवाप्पा पुन्हा त्या बुडालेल्या मुलखात जातो. पुनर्वसनाच्या फायली, पंचनामे, नुकसानभरपाईचे हेलपाटे ‘झाडाझडती’त आहेत, कारण लिहिणाऱ्यानं टेबलाची ती बाजू पाहिली होती. ‘रिंगाण’मध्ये फाइल जवळपास नाहीच, जनावर, जंगल आणि माणसाचा वास आहे. पाणी एक, जिल्हा एक, विषय एक. कादंबरी कशी होणार हे ठरलं ते लेखक कुठं उभा होता त्यावरून. गवसांच्या बाबतीतही तेच. जोगवा मागणारी बाई सगळ्या गावानं पाहिलेली असते. ते चळवळीच्या शेजारी आणि वर्गाच्या फळ्यासमोर उभे राहून तिच्याकडे बघत होते.

चित्रपटाकडे परत येतो, कारण बहुतेक वाचक त्याच दारानं आत येणार. राजीव पाटील यांनी ‘जोगवा’ करताना दोन्ही कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा एकत्र गुंफली. सुली एका पुस्तकातली, तायप्पा दुसऱ्यातला. पडद्यावर त्यांची गाठ पडते आणि प्रेम होतं. राष्ट्रीय पुरस्कारांत सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा मान मिळाला, उपेंद्र लिमये यांना अभिनयासाठी, अजय-अतुल यांना संगीतासाठी, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांना गायनासाठी पुरस्कार मिळाले. मला चित्रपट आवडतो. पण त्यानं दोन एकट्या माणसांना एकमेकांचा आधार देऊन प्रेक्षकाची सोय केली आहे. पुस्तकांत सुलीला तायप्पा भेटत नाही आणि तायप्पाला सुली. त्या एकटेपणासाठी म्हणून तरी मूळ पुस्तकं वाचायला हवीत.

वाचायचीच तर माझा क्रम ऐका. आधी ‘भंडारभोग’, कारण ती एका माणसाला धरून चालते आणि धाग्याला हात लागलेला राहतो. मग ‘चौंडकं’. ‘तणकट’ला सलग सुट्टीचे दिवस द्या, झोपताना दोन पानं अशी ती वाचता यायची नाही. पुस्तकं करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या वाचनालयांत विचारून पाहा. १८५० पासून चालू असलेल्या त्या कपाटांमध्ये या भागातले लेखक मिळायची शक्यता दुकानापेक्षा जास्त. संवाद अडले तर मोठ्यानं वाचा, अर्धं काम तिथंच होतं. तरीही एखादा शब्द अडला तर गडहिंग्लजकडचा कुणी ओळखीचा गाठा. तो शब्दाचा अर्थ सांगेलच, वर त्याच्या गावातल्या एखाद्या जोगत्याची हकीकतही सांगेल, आणि ती कुठल्याच पुस्तकात आलेली नसेल.